शुल्क शून्य, तरी माल बंदरातच: आयात शुल्क आणि शुल्काबाहेरचे अडथळे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्यातीत नव्याने उतरणारे, बागायतदार, वाणिज्य शाखेचे आणि स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम आंबा, द्राक्षं, कांदा, खेळणी अशी ओळखीची घेतली आहेत.

आयात शुल्क आणि शुल्काबाहेरचा अडथळा यांत नेमका फरक काय?

शुल्क म्हणजे सीमेवर भरायचे पैसे. ते मालाच्या किमतीवर टक्क्यांत असतं किंवा किलोमागे, नगामागे ठरलेलं असतं. दर छापील असतो आणि पैसे भरले की माल सुटतो. शुल्काबाहेरचा अडथळा म्हणजे बाकी सगळं: कोटा, परवाना, कीडनाशकाच्या अंशाची मर्यादा, अमुक चिन्हाशिवाय माल उतरवू न देणं, ठरावीक बंदरातूनच आणायची सक्ती, किमान आयात किंमत. इथे पैसे भरून सुटका होत नाही. अट पूर्ण करावी लागते, नाहीतर माल परत जातो किंवा नष्ट होतो.

असे एकूण किती प्रकार आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेने यांची वर्गवारी केली आहे. तिच्यात ए ते पी अशी 16 प्रकरणं आहेत. पहिलं अन्न, वनस्पती आणि प्राणी यांच्या आरोग्याचं, दुसरं तांत्रिक मानकांचं, पुढे जहाजावर चढवण्याआधीची तपासणी, परवाने, कोटे, किंमत नियंत्रण वगैरे. शेवटचं पी हे प्रकरण निर्यातीवरच्या बंधनांचं. त्यावर नाशिक जिल्हा एकटा पुस्तक लिहू शकेल. कांद्याकडे पुढे येऊच.

अंक्टाड या सगळ्यांना ‘उपाय’ म्हणते, ‘अडथळे’ म्हणत नाही. कारण त्यांतले बरेचसे नियम खरोखरच लोकांच्या आरोग्यासाठी किंवा पिकांच्या रक्षणासाठी असतात.

शुल्क कमी झालं की हे दुसरे अडथळे वाढतात, असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. प्रत्येक देश जागतिक व्यापार संघटनेत बऱ्याच वस्तूंवरच्या शुल्काची कमाल मर्यादा लिहून देतो. तिला बंधित दर म्हणतात. प्रत्यक्ष दर त्याच्या खाली कितीही असू शकतो, वर नाही. मुक्त व्यापार करार केला की मर्यादा आणखी खाली येते. देशांतर्गत उद्योगाचा दबाव मात्र कमी होत नाही. मग सरकार हाताशी उरलेलं दुसरं साधन उचलतं.

भारताचं रिफाइंड पामतेलाचं उदाहरण याचा धडाच आहे. पामतेलावर भारताने जागतिक व्यापार संघटनेत 300 टक्क्यांपर्यंतची मुभा राखून ठेवलेली आहे, म्हणजे तिथे अडचण नव्हती. अडचण होती मलेशियाशी केलेल्या कराराची. त्यामुळे 2019 च्या जानेवारीपासून मलेशियाच्या रिफाइंड तेलावर 45 टक्के आणि इतरांवर 50 टक्के शुल्क होतं. आयात वाढली, इथले रिफायनरीवाले ओरडू लागले. सप्टेंबरमध्ये 5 टक्के सुरक्षा शुल्क लावून फरक बुजवला. पण ते तात्पुरतंच असतं. शेवटी 8 जानेवारी 2020 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने रिफाइंड पामतेल ‘मुक्त’ यादीतून काढून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकलं, म्हणजे आणायचं तर परवाना हवा. शुल्काचा आकडा जागच्या जागी, करारही कागदावर शाबूत, आणि तेल बंद. अधिसूचनेत मलेशियाचं नाव नव्हतं. पण काश्मीरच्या मुद्द्यावरून तेव्हा दोन्ही देशांचे संबंध ताणले होते, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दीड वर्षाने, तेलाचे भाव चढल्यावर, तो निर्बंध उठला.

हे फक्त आपणच करतो असं नाही. 1982 च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सने फर्मान काढलं, की आयात होणारे सगळे व्हिडिओ रेकॉर्डर पॉइतिए या गावातल्या सीमाशुल्क कार्यालयातूनच सोडवायचे. पॉइतिए समुद्रापासून दूर, देशाच्या आतल्या भागात. कार्यालय छोटं, माणसं मोजकी. एकेक खोका उघडून तपासायचा हुकूम. जपानी रेकॉर्डरांचे ढीग साचले. शुल्क एका पैशानेही वाढलं नव्हतं. जपानने निर्यात आवरती घ्यायचं मान्य केलं आणि पुढच्या वर्षी फ्रान्सने तो नियम मागे घेतला.

मग शुल्क लावा की कोटा, परिणाम सारखाच नाही का?

मुंबईत जन्मलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी 1965 साली हाच प्रश्न घेतला. बाजारात सगळीकडे पुरेशी स्पर्धा असेल, तर योग्य आकड्याचा कोटा आणि योग्य दराचं शुल्क यांचा भावावरचा परिणाम एकच असतो. पण कुठे मक्तेदारी असली की ही बरोबरी मोडते, असं त्यांनी दाखवलं.

आकड्यांत बघा. बाहेर 100 रुपयांना मिळणारी वस्तू शुल्कामुळे इथे 130 ला विकली जाते. वरचे 30 रुपये सरकारी तिजोरीत जातात. त्याऐवजी कोटा लावून भाव 130 वर नेला, तर ते 30 रुपये ज्याच्या हातात परवाना आहे त्याचे. म्हणून तर परवान्याच्या काळात मालापेक्षा परवाना मिळवण्यावर जास्त अक्कल खर्च व्हायची. अर्थतज्ज्ञ ॲन क्रूगर यांनी 1974 साली भारत आणि तुर्कस्तान यांचे आकडे घेऊन या धडपडीत देशाची केवढी संपत्ती वाया जाते, याचा अंदाज मांडला होता.

कोटा परदेशी विक्रेत्याच्याच हाती असेल तर पैसा देशाबाहेर जातो. 1981 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली जपानने ‘स्वेच्छेने’ वर्षाला 16.8 लाख मोटारींवर थांबायचं कबूल केलं. नग ठरलेले म्हटल्यावर जपानी कंपन्यांनी महागडी मॉडेलं पाठवायला सुरुवात केली आणि जास्तीचा नफा त्यांच्याच खिशात गेला. असे करार आता जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसत नाहीत.

नियम आणि चाचण्यांचं गणित तिसरंच. तिथे वरचे 30 रुपये ना तिजोरीत जातात ना परवानाधारकाकडे. ते प्रयोगशाळा, प्रक्रिया, साठवण आणि वाट पाहणं यांत खर्च होतात. त्या बदल्यात ग्राहकाला सुरक्षित माल मिळत असेल तर तो खर्च सार्थ आहे. मिळत नसेल तर नुसती नासाडी.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. शुल्क असताना बाहेरचा भाव पडला तर इथलाही थोडा पडतो. कोटा असताना पडत नाही. तुरीवर 2017 च्या ऑगस्टमध्ये वर्षाला 2 लाख टनांचा कोटा लागला, तो उत्पादकाला आधार मिळावा म्हणूनच. 2021 च्या मे महिन्यात डाळी महागल्या तेव्हा तो काढून तुरीची आयात खुली केली. लातूरच्या शेतकऱ्याला आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाला एकाच निर्णयाबद्दल विचारलंत, तर दोन उलटी उत्तरं मिळतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील.

द्राक्षाच्या 2010 च्या प्रकरणाचा सतत उल्लेख होतो. तेव्हा काय झालं?

त्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीआधी होणाऱ्या चाचणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं, त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे नापास झाला. कंटेनर अडकले, द्राक्षं खराब झाली आणि नाशिक, सांगलीकडचे अनेक बागायतदार आणि निर्यातदार कर्जात गेले.

त्यात शुल्काचा काहीही भाग नव्हता. शुल्काचा वेगळा तोटा होताच: आपल्या द्राक्षांवर युरोप शुल्क घेत असे, तर करारामुळे चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना ते माफ. पण तो तोटा आधीच माहीत असतो, भाव ठरवताना धरता येतो. अंशाची मर्यादा हुकली की धरण्यासारखं काही उरतच नाही.

माझं मत विचाराल, तर हा अडथळा नव्हता. नियम आधीपासून होता, सगळ्या देशांना सारखा होता आणि चूक आपल्या यादीत होती. त्यानंतर यादी वाढली. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही नोंदींची प्रणाली, प्लॉटची नोंदणी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली तपासणी ही साखळी घट्ट झाली. आज युरोपच्या दुकानातल्या डब्यावरून द्राक्ष कोणत्या प्लॉटचं, हे मागे जाऊन शोधता येतं.

मग नियम खरा की बहाणा, हे ओळखायचं कसं?

जागतिक व्यापार संघटनेचे दोन करार यासाठी आहेत. अन्न आणि वनस्पती आरोग्याच्या करारात नियमाला शास्त्रीय आधार हवा आणि धोक्याचं मूल्यमापन केलेलं हवं. तांत्रिक अडथळ्यांच्या करारात नियम गरजेपेक्षा जास्त जाचक नको. देशी मालाला आणि परक्या मालाला तोच नियम लागू आहे का, हा सगळ्यात सोपा पहिला प्रश्न.

या कसोटीवर भारतही नापास झाला आहे. बर्ड फ्लूचं कारण देऊन आपण अमेरिकन कोंबडीचं मांस अडवलं होतं. अमेरिकेने तक्रार केली आणि 2015 मध्ये अपिलातही निकाल आपल्या विरुद्ध गेला. आंतरराष्ट्रीय मानकांशी न जुळणारी बंदी आणि धोक्याचं मूल्यमापन नाही, हे त्याचं सार. त्याआधी 1999 मध्ये परकीय चलनाच्या चणचणीचं कारण सांगून ठेवलेल्या आयात निर्बंधांचा खटलाही आपण हरलो होतो. उरलेले निर्बंध 1 एप्रिल 2001 पासून उठले. तेव्हा सफरचंदं, दुधाची भुकटी आणि चिनी वस्तू येऊन सगळं बुडणार अशी भीती होती. बरंच काही शुल्काच्या भरवशावर तगलं.

2014 मध्ये युरोपने हापूस का अडवला?

फळमाशीमुळे. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. 1 मे 2014 पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानं एवढ्यांवर बंदी आली. ऐन हंगामात, त्यामुळे देवगड-रत्नागिरीपासून लंडनच्या साउथहॉलपर्यंत बोंब झाली. तपासणी आणि प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यावर आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला, म्हणजे ठरल्या मुदतीच्या आधीच, उठली. मेहनत करून सुटणारा प्रश्न होता हे त्यावरून दिसतं. जपानने मात्र याच फळमाशीपायी 1986 ते 2006 अशी वीस वर्षं दार बंद ठेवलं होतं. आता वाफेची प्रक्रिया करून माल जातो.

अमेरिकेने आंबा घेतला तो हार्ले डेव्हिडसनच्या बदल्यात, हे खरं का?

लोक गमतीने सांगतात, पण गोष्ट मुळात खरी आहे. आणि शुल्क आणि दुसरे अडथळे एकमेकांत कसे गुंततात, हे यापेक्षा चांगलं कुठे दिसत नाही.

अमेरिकेत भारतीय आंब्याला सुमारे 18 वर्षं बंदी होती, कारण कीड. आपल्याकडे हार्लेच्या मोठ्या मोटारसायकली येत नव्हत्या, कारण आपले प्रदूषणाचे निकष. दोन्हींकडे अडचण नियमाची. 2006 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा बोलणी पुढे सरकली आणि 2007 मध्ये दोन्ही दारं उघडली. आंब्याला विकिरणाची, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा करण्याची, अट पडली: किमान 400 ग्रे मात्रा, आणि ती अमेरिकेने मान्य केलेल्या केंद्रातच. हे पहिलं केंद्र म्हणजे लासलगावचं ‘कृषक’. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलं होतं, आणि त्यातून हापूस अमेरिकेला निघाला.

आता पुढचं बघा. नियमाचा अडथळा गेला, पण हार्लेवरचं जबर आयात शुल्क तसंच राहिलं. कंपनीने 2011 पासून हरियाणातल्या बावलला सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, कारण सुट्या भागांवर शुल्क कमी. पूर्ण गाडीवरचं शुल्क 2018 मध्ये 50 टक्क्यांवर आणलं, तरी डोनाल्ड ट्रम्प त्यावरून बोलतच राहिले. 2020 मध्ये कंपनीने तो कारखाना बंद केला. 2025 च्या अर्थसंकल्पात 1600 सीसीच्या वरच्या गाड्यांचं शुल्क 30 टक्के झालं.

आंब्याचं नेमकं उलटं. अमेरिकेचं मूळ शुल्क किलोला सात सेंटच्या आत, म्हणजे नाममात्र. खरा खर्च विकिरण, अमेरिकन निरीक्षकाचा खर्च आणि विमानभाडं. 2025 च्या मे महिन्यात मुंबईत विकिरण होऊन गेलेल्या किमान 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे नाकारल्या गेल्या. आंब्यात कीड सापडली नव्हती. विकिरणाच्या कागदपत्रात त्रुटी होती. परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला. एका फॉर्मची किंमत शुल्काच्या कितीतरी पट निघाली.

एकाच वस्तूवर दोन्ही एकदम लावतात का?

हो, आणि तेव्हा परिणाम जोरदार होतो. खेळण्यांवरचं शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. मधल्या काळात, 1 जानेवारी 2021 पासून, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं झालं. परदेशी कारखान्याला ते मिळवायला बीआयएसच्या अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन तपासणी करावी लागते, आणि ते घडणं काही सोपं नव्हतं. चिनी खेळण्यांची आयात झपाट्याने घटली. यात शुल्काचा वाटा किती आणि प्रमाणपत्राचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे, पण बाजारातले लोक प्रमाणपत्राकडे बोट दाखवतात.

मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला मानक हवंच, याबद्दल वाद नाही. कच्च्या मालावर तेच केलं की घोटाळा होतो. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस धाग्यांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश आले तेव्हा मोठ्या देशी धागा उत्पादकांना संरक्षण मिळालं आणि भिवंडी, इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांना सूत महाग पडलं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये यांतले अनेक आदेश सरकारने मागे घेतले.

कांदा तर आपण विकतो. त्याचा इथे काय संबंध?

निर्यातीलाही शुल्क असतं आणि शुल्काबाहेरचा अडथळाही. कांद्याने दीड-पावणेदोन वर्षांत सगळे प्रकार पाहिले. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्त बाहेर विकायचा नाही. 8 डिसेंबरला थेट बंदी. लोकसभा निवडणूक चालू असताना, 4 मे 2024 ला, बंदी उठली. पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्के झालं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं.

या उतरंडीत कोणती पायरी सर्वांत वाईट? बंदी, निःसंशय. शुल्क असताना दुबईचा व्यापारी निदान भाव विचारतो. बंदी असताना तो पाकिस्तानचा कांदा घेतो, आणि एकदा बसलेली घडी लगेच मोडत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांचीही नजर तशीच आहे: निर्यात शुल्काला साधारणपणे आडकाठी नाही, निर्यातबंदी मात्र अन्नाची गंभीर टंचाई असताना आणि तात्पुरतीच चालते.

2025 मध्ये अमेरिकेने 50 टक्के शुल्क लावलं. म्हणजे पुन्हा शुल्काचेच दिवस आले का?

7 ऑगस्टपासून 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25. अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने निर्यातदारांना आणि कोळंबीवाल्यांना तो मोठा धक्का होता. पुढे दर बदलत गेले. शुल्काच्या आकड्यांचे मथळे होतात, म्हणून वाटतं की दुसरे अडथळे मागे पडले. ते तिथेच असतात. कोळंबीतल्या प्रतिजैविकांची तपासणी शुल्क वाढलं म्हणून कोणी सैल केली नाही.

युरोपचा कार्बन कर हे शुल्क की नियम?

दोन्हींचं मिश्रण. सीबॅम नावाच्या या व्यवस्थेत पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं वगैरे माल तयार करताना किती कार्बन बाहेर पडला, त्यानुसार युरोपच्या आयातदाराला प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. परिणाम शुल्कासारखा, पण त्याआधी मोजमापाचा सगळा कागदी डोलारा. पुणे-कोल्हापूरकडच्या लहान फाउंड्रीला पैशांपेक्षा हे मोजमाप जड जातं.

मुक्त व्यापार करार झाला की हे मिटतं ना?

शुल्कापुरतं बरंचसं. संयुक्त अरब अमिरातीशी 1 मे 2022 पासून करार लागू आहे, ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी सही झाली. पण शुल्कमाफी हवी तर माल आपल्याच देशात बनल्याचा दाखला लागतो, आणि उगमाचे हे नियम स्वतःच एक अडथळा ठरू शकतात. भारतानेही 21 सप्टेंबर 2020 पासून आयातदाराकडून उगमाची सविस्तर माहिती मागायला सुरुवात केली. लहान व्यापारी कित्येकदा ही कटकट नको म्हणून पूर्ण शुल्क भरून मोकळे होतात. अंशांच्या मर्यादा आणि किडीच्या अटी करारानंतरही ज्याच्या त्याच्याच राहतात.

सुपरमार्केटच्या अटींचं काय?

ग्लोबलगॅपसारखी खासगी मानकं सरकारची नाहीत, त्यामुळे जागतिक व्यापार संघटनेत तक्रार करायला जागा नाही. खरेदीदाराने मागितलं तर द्यायचं, नाहीतर दुसरा खरेदीदार शोधायचा.

माझ्या मालाला काय काय लागेल, हे कुठे बघू?

आधी मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्काच्या वर्गवारीतला क्रमांक, नक्की करा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. तिथे चुकलात तर शुल्कही चुकेल आणि अटही. आपल्याकडची बंधनं विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांत मिळतात, शेतमालासाठी अपेडाकडे देशवार नियम असतात. फळं-भाज्या असतील तर खरेदीदाराला त्या हंगामाची अंशमर्यादेची यादी लेखी मागा आणि ती फवारणीच्या आधी बागायतदाराच्या हातात द्या, तोडणीच्या वेळी नव्हे. नवे नियम येण्याआधी देश जागतिक व्यापार संघटनेला कळवतात आणि हरकतींसाठी साधारण 60 दिवस देतात. ‘ईपिंग’ या मोफत संकेतस्थळावर आपली वस्तू आणि देश नोंदवून ठेवलात की त्याची सूचना ईमेलने येते.